लग्नपत्रिकेतून कापलेली तिर्री

मित्रांनो, मी एक जुनी तिर्री आहे. पत्त्यांच्या कॅटमधली चौकटची तिर्री. आधीच सांगून टाकते, मी अस्सल नाही. माझ्या बाकीच्या बहिणी छापखान्यात जन्मल्या, गुळगुळीत अंगाच्या, निळ्या नक्षीच्या पाठीच्या. मी मात्र कात्रीतून जन्मले. अस्सल चौकटची तिर्री चाळीसगाव तालुक्यातल्या आमच्या त्या गावात एका शेळीने खाल्ली. खोटं वाटतंय ना? पण खरंच खाल्ली. डाव ऐन रंगात आला होता, वारा सुटला, तिर्री ओट्याखाली उडाली आणि शेळीने तिला एका घासात मटकावलं.

आता एका पानासाठी अख्खा कॅट फेकायचा का? आधारभाऊला ते पटेना. आधारभाऊ म्हणजे त्या घरचा कर्ता मुलगा. त्याची धाकटी बहीण मंदा, तिचं लग्न आदल्या वर्षीच झालं होतं. लग्नाच्या उरलेल्या पत्रिका कोनाड्यात पडून होत्या. त्याने त्यातली एक घेतली, पत्त्याच्या मापाने कापली, कोऱ्या बाजूवर लाल बॉलपेनने तीन चौकटी काढल्या आणि म्हणाला, "हाई ले, झाई तिर्री!"

झाली खरी, पण माझ्या पाठीचं काय? पाठीवर अर्धा गणपती, त्याची सोंडही अर्धीच. खाली छापलेलं 'चि. सौ. कां. मं', आणि पुढे कात्री. मंदाचं नाव मधोमध तुटलेलं. कोपऱ्यावर हळदीचं बोट. सांगा बरं, अशी पाठ घेऊन मी बहिणींमध्ये लपणार कशी? पत्ते वाटताना मी कुणाकडे जाते हे सगळ्या ओट्याला दिसायचं. मी ज्याच्या पुढ्यात पडे त्याला सगळे ओरडून म्हणायचे, "आमंत्रण उनं रे, आमंत्रण!" म्हणजे आमंत्रण आलं रे! आणि तो बिचारा तोंड वाकडं करून पानं टाकून द्यायचा. तिर्री ती. सगळ्यांना ठाऊक असलेली तिर्री. तिच्या जोरावर कोण खेळणार?

माझा स्वभाव मुळात चुळबुळ्या. त्यात हा दर डावाचा अपमान. कॅट पिसताना मी मुद्दाम कुणाच्या तरी अंगठ्यात अडकायची, मध्येच वाकायची, जमिनीवर उडी मारायची. बाकीच्या म्हणायच्या, अगं, गप पडून राहा की. मला गप पडवत नसे.

तुम्हाला आमच्या खान्देशातली आखाजी माहीत आहे का? अक्षय्य तृतीयेला आम्ही आखाजी म्हणतो. लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधतात, घरोघर खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस. आणि पुरुषमाणसं ओट्या-ओट्यावर पत्ते घेऊन बसतात. एरवी कुणी पत्ते हातात धरले तर घरात आदळआपट होते, पण आखाजीला बायकोसुद्धा काही बोलत नाही. आमच्या ओट्यावर पैसे नसायचे. झुंबरबाईंनी, म्हणजे मंदाच्या आईने, तसं बजावूनच ठेवलं होतं. चिंचोक्यांवर खेळायचं. चिंच फोडून फोडून एक डबा भरून ठेवलेला असायचा.

खेळ एकच, तिरट. प्रत्येकाला तीन पानं. ज्याची भारी, त्याचा डाव. एकाच नंबराची तिन्ही पानं आली की त्याच्यापुढे कुणाचं काही चालत नाही. आता एक नियम नीट ऐका, माझी सगळी गोष्ट त्याच्यावर आहे. आपली पानं न बघता खेळायचं असेल तर खेळता येतं. त्याला आंधळा खेळणं म्हणतात. आंधळ्याने एक चिंचोका टाकला तर पानं बघितलेल्याला दोन टाकावे लागतात. वर बघितलेल्याला आंधळ्याकडे 'पानं दाखव' असं म्हणता येत नाही. ते फक्त आंधळ्यानेच म्हणायचं. आमच्या गावात त्याला 'दखाड' म्हणत. आंधळा दखाड म्हणेपर्यंत बघणाऱ्याने दुप्पट टाकत राहायचं, नाहीतर पानं टाकून उठायचं.

साल अठ्ठ्याऐंशी. मंदा पहिल्या आखाजीला माहेरी आली होती. आली तेव्हापासून तिचं कशातच लक्ष नव्हतं. झोक्यावर बसली तरी लगेच उतरायची. घागर भरायला निघाली तर दोर विसरायची. कारण असं, की धुळ्याकडच्या तिच्या सासरच्या गावात बालवाडी सुरू होणार होती. तिथे बाई म्हणून मंदाला घ्यायला सगळे तयार होते, पण त्याआधी चाळीसगावला महिनाभर शिकायला जावं लागणार होतं. शिक्षण त्याच आठवड्यात सुरू होत होतं. माहेरून चाळीसगाव गाडीने जवळ. सासरहून जाऊन-येऊन करणं शक्यच नव्हतं. म्हणजे तिला महिनाभर माहेरी राहायला हवं होतं आणि त्यासाठी सासऱ्यांचा होकार हवा होता.

सासरे म्हणजे देवचंद आबा. मोठ्या आवाजाचे, मोठ्या मिशीचे, देण्याघेण्यात दिलदार, पण घरात त्यांच्या शब्दापुढे कुणाचा शब्द नाही. नवऱ्याला विचारलं तर तो म्हणे, आबांना विचार. आबांना विचारलं तर ते म्हणत, "देखू." देखू म्हणजे बघू. तिने संक्रांतीला विचारलं, देखू. होळीला विचारलं, देखू. माहेरी निघताना पाया पडून विचारलं, तेव्हाही पाठीवर थाप मारून हसले, "देखू वं पोरी, देखू." मला विचाराल तर ज्याला बघायचं नसतं तोच इतक्यांदा बघू म्हणतो.

आखाजीच्या दुसऱ्या दिवशी आबा स्वतःच येऊन थडकले. चाळीसगावात बैलबाजाराचं काम होतं, तिथून सुनेलाही घेऊन जाऊ म्हणाले. मंदाचा चेहरा पडला. झुंबरबाई व्याही आले म्हणून पुन्हा पुरण शिजवायला लागल्या, पण त्यांचाही हात चालत नव्हता.

जेवणं झाली. ऊन मी म्हणत होतं. ओट्यावर गोणपाट अंथरलं आणि डाव पडला. शेजारचे कौतिक नाना पानं वाटत होते. नाना हे आमच्या आळीतले जुने खेळाडू, आता डोळ्यांमुळे खेळत नसत, नुसते वाटत. समोर आधारभाऊ आणि देवचंद आबा.

काय सांगू तुम्हाला आबांचा खेळ! पानांना हात म्हणून लावायचे नाहीत. पुढ्यात तीन पानं पालथी, वर मांडी, आणि मुठीने चिंचोके. "मी नही देखस," म्हणायचे आणि टाकायचे. वाढवायचे. पुन्हा वाढवायचे. तोंडाचा पट्टा तर अखंड चालू. समोरच्याच्या हातात बरी पानं असली तरी त्याचा जीव घाबरा व्हायचा आणि तो पानं टाकून मोकळा व्हायचा. आधारभाऊ असाच दर डावाला हरत होता. एकदा तर त्याच्याकडे चांगल्या दोन राण्या होत्या. आबांनी ढीगभर चिंचोके लोटले, तसा तो नुसता चेष्टेत म्हणाला, "गऊ रे भो मी!" म्हणजे गेलो रे बाबा मी. आबांनी झडप घातली.

"गऊ म्हणना ना? टाक मंग पान!"

"आहो आबा, मी गंमत करी ऱ्हायनू."

"गंमत नही. तोंडमाईन निंघनं ते निंघनं. ती चाल झाई."

तोंडातून निघालं ते निघालं. कौतिक नानांनी मान हलवली, नियम बरोबर होता. आधारभाऊने दोन राण्या टाकल्या. त्या माझ्या अंगावर येऊन पडल्या, रागाने नुसत्या फुरफुरत होत्या.

थोड्याच वेळात आधारभाऊकडचे चिंचोके संपले. आबांना अजून खाज होती. "आखो कोन शे?" म्हणजे आणखी कोण आहे, त्यांनी विचारलं. मंदा दारात उभी होती, हातात पाण्याचा तांब्या. कौतिक नाना म्हणाले, "मंदाले बसाडा ना. इले बठ्ठं येस." म्हणजे हिला सगळं येतं.

सून, आणि सासऱ्यासमोर पत्ते! झुंबरबाईंनी आतून "अगं बाई!" केलं. पण आबा खूश झाले. आखाजी आहे, आज काय सासरा आणि काय सून, ये, बैस, असं म्हणून त्यांनी आपल्या ढिगातून तिच्याकडे चिंचोके सरकवले. मंदाने तांब्या ठेवला. पदर नीट केला. बसली, आणि बसल्या बसल्या म्हणाली, "आबा, डाव मना झाया ते मी महिनाभर आठेच ऱ्हासू. शिकाले जासू."

डाव जिंकले तर महिनाभर इथेच राहीन, असं तोंडावर सांगितलं तिने. आबा मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "देखू."

"देखू नही, आबा. हां म्हना."

मला तर तिच्या बोटांत उडी मारावीशी वाटली! आबांनी तिच्याकडे नीट पाहिलं, बहुधा लग्नानंतर पहिल्यांदाच. मग मोठ्याने हसले. "हां! अन् डाव मना झाया ते सकायनी पहिली गाडी. मंग शिकानं नाव काढानं नही."

झालं. मंदाचं सगळं आता चिंचोक्यांवर आलं, ज्याचे आधी संपतील तो हरला.

पहिले काही डाव तिच्या विरुद्धच गेले. एकदा मी तिच्याकडे गेले, लगेच आबा ओरडले, "आमंत्रण उनं! सुनबाईनं सोतानं आमंत्रण!" आणि असे चिंचोके लोटले की तिला पानं टाकावीच लागली. तिचा ढीग बसत चालला. शेवटी ओंजळभर चिंचोके उरले. आबांनी जांभई दिली. म्हणाले, हा शेवटचा. हा डाव जो जिंकेल तो जिंकला.

कौतिक नानांनी पिसायला घेतलं. मी इकडून तिकडे धडपडत होते. कुठे जाऊ? आबांकडे गेले तर मंदाचं भलं होईल, असं मनाशी म्हणत होते. पण वाटताना नानांच्या हातातून निघाले ती थेट मंदापुढे. अर्धा गणपती वर, हळदीचा कोपरा वर. आबांनी टाळी वाजवली. "आमंत्रण!"

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मंदाने पानं उचलली. मला अलगद मध्ये धरलं. आणि तेव्हा मला डावीकडे कळलं, किलवरची तिर्री. उजवीकडे कळलं, इस्पिकची तिर्री. आम्ही तिघी! जन्मात पहिल्यांदा आम्ही तिघी एका हातात! मंदाच्या बोटांना घाम फुटला होता, पण चेहऱ्यावर काही नाही. उलट कपाळावर बारीक आठी.

आधी बोलायची पाळी तिची. तिने दोन चिंचोके टाकले, अगदी नाइलाजाने टाकावेत तसे. आबांनी न बघता दोन टाकले. म्हणजे आता हिला चार. हिने चार टाकले. आबांनी चार. आता आठ.

"टाकी दे पोरी पान," आबा लाडाने म्हणाले. "तिर्रीवर कसाले जीव जाळस?"

मी आतून ओरडत होते, बाई गं, तू का मुळूमुळू टाकतेस? लोट की सगळे! भीती दाखव म्हाताऱ्याला! आपण तिघी आहोत! पण ती काही लोटेना. दर वेळी मोजून तेवढेच. कधी पदर सावरी, कधी तांब्यातलं पाणी घोटभर पिई, कधी चिंचोके उलटसुलट करी. माझा संताप संताप झाला. मग हळूहळू माझ्या कागदाच्या डोक्यात उजेड पडला. आबांना घाबरवून काय उपयोग? ज्याने स्वतःची पानंच बघितली नाहीत तो घाबरणार कशाला? तो पानं टाकणार नाही. आणि त्याच्याकडे 'दखाड' म्हणायची हिला परवानगी नाही. मोठी चाल केली असती तर आबांनी तिच्यावर आणखी मोठी केली असती, आणि दुप्पट टाकता टाकता हिची ओंजळ दोन फेऱ्यांत रिकामी. तिघी हातात असून ती हरली असती! तिला फक्त टिकून राहायचं होतं, आबांच्या तोंडून तो शब्द निघेपर्यंत.

पण आबा तो शब्द का म्हणतील? त्यांना नुसतं वाढवत राहायचं होतं. ओंजळीचे चिंचोके संपले की डाव त्यांचाच.

झोक्यावरच्या पोरी झोका सोडून ओट्याजवळ आल्या होत्या. झुंबरबाई पीठ लागलेल्या हातांनी दारात. आधारभाऊ नखं खात होता. मंदाने आठ टाकले. गोणपाटावर तिच्यापुढे काही उरलं नाही. एकही नाही. आबांच्या हातात चिंचोके तयार होते. त्यांनी ते टाकले आणि मंदाकडून पुढची चाल आली नाही की संपलं. पहिली गाडी. धुळे. देखू, देखू, देखू, जन्मभर देखू.

तेव्हा मंदाने एक गोष्ट केली. लांब सुस्कारा सोडला आणि मला हातातून काढून गोणपाटावर सरळ ठेवलं. तोंड वर. माझ्या बॉलपेनच्या तीन चौकटी सगळ्यांसमोर.

"आमंत्रण ते तुम्हीन देखेलच शे," ती हळूच म्हणाली.

आबांना हसू आवरेना. चिंचोके तसेच मुठीत, आणि तोंड सुटलं. "अरे बापरे! एक तिर्रीना जीववर इतली उडी? आन् बाकीना दोन काय शेत? राजा शे का राणी शे? दखाड!"

शब्द बाहेर पडला.

आधी कुणाच्याच लक्षात आलं नाही. आबासुद्धा हसतच होते. मग कौतिक नाना, जे मंदा बसल्यापासून नुसती पानं वाटत होते, ते म्हणाले, "देवचंद, तू दखाड म्हणना."

"आरे, ते मी गंमत..."

"आबा," मंदाने मान वर केली, "तोंडमाईन निंघनं ते निंघनं."

आणि तिने माझ्या बहिणी ठेवल्या. एक माझ्या डाव्या हाताला, एक उजव्या. तीन तिर्र्या. मी मध्ये, वेडीवाकडी, बॉलपेनची, पण मध्ये.

आधारभाऊने अशी आरोळी ठोकली की निंबावरचे कावळे उडाले. पोरी नाचायला लागल्या. झुंबरबाईंनी पिठाच्या हातानेच डोळे पुसले. आबांनी मात्र दुपारभरात पहिल्यांदा आपली पानं उलटली. दोन राजे आणि एक्का. चांगली पानं होती हो! दुसऱ्या कुणाहीसमोर जिंकली असती. त्यांनी आधी पानांकडे पाहिलं, मग माझ्याकडे, मग मंदाकडे.

मला वाटलं, आता हा माणूस शब्द फिरवणार. एवढा मोठा माणूस, एवढ्या लोकांत, सुनेकडून हरलेला.

आबा उठले. चप्पल घातली. "हाई आमंत्रण कामले उनं," एवढं म्हणाले. आणि ओट्याच्या पायरीवरून, मागे न बघता, "महिना म्हंजे महिना. त्याना वर एक दिन नही."

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने आबा एकटेच गेले. झुंबरबाईंनी सांजोऱ्यांचा डबा दिला, तो गुपचूप घेतला.

नंतर आधारभाऊने बहिणीला विचारलं, आबा दखाड म्हणतील हे तुला कसं माहीत? मंदा म्हणाली, माहीत कुठे होतं रे. पण वर्षभर त्यांच्या घरात राहते आहे. हातातली चाल ते आवरतात, तोंडातली त्यांना आवरत नाही. आणि माझ्याकडे तिर्री आहे हे कळल्यावर बाकीची दोन कोणती असतील, याचा विचार करायची त्यांना कधी गरजच वाटली नव्हती.

मित्रांनो, त्यानंतर माझं कौतुक झालं ते त्या एका आखाजीपुरतं. पुढच्याच वर्षी आधारभाऊने धुळ्याहून नवा कॅट आणला, प्लॅस्टिकचा, पाण्याने न भिजणारा. आम्हाला कोनाड्यात टाकलं. दोन राण्या उंदराने कुरतडल्या. इस्पिकची तिर्री खाटेच्या लंगड्या पायाखाली गेली. किलवरची चुलीत. त्यांच्यासाठी अजूनही माझा जीव तुटतो. एक पान हरवलं म्हणून आधारभाऊने कधीकाळी कॅट टाकला नव्हता, आणि पुढे सगळी पानं असताना टाकला.

मी वाचले, कारण त्या आखाजीला आलेल्या मंदाने सासरी जाताना मला कोनाड्यातून काढून पिशवीत टाकून नेलं. तिची बालवाडी तोवर सुरू झाली होती, तिथे तिने मला दोऱ्याने खिळ्याला टांगलं. पोरं यायची, माझ्या चौकटींवर बोट ठेवायची आणि मोजायची. किती पोरांनी माझ्यावर 'तीन' शिकून घेतलं, सांगता येणार नाही. माझा कोपरा फाटला, मंदाने भाताच्या शिताने चिकटवला. बॉलपेन पुसट झालं, तिने पुन्हा गिरवलं. मला आता काही मागायचं नाही. एवढंच सांगते, जुन्या वस्तू टाकण्याआधी एकदा हातात घ्या. आणि नुसती पाठ बघून, हिला तर मी ओळखतो, असं कुणाच्याही बाबतीत म्हणू नका. त्याचा फार त्रास होतो हो!

परवा देवचंद आबा बालवाडीत आले. आता मिशी पांढरी झाली आहे, पण आवाज तोच. मंदाच्या धाकट्या लेकीला सोडायला आले होते. वाऱ्याने मी उलटी फिरले होते, पाठ वर. आबा थबकले. अर्धा गणपती, अर्धी सोंड, हळदीचा डाग. 'चि. सौ. कां. मं'. त्यांनी जवळ येऊन ते वाचलं आणि स्वतःशीच हसले. "आमंत्रण," म्हणाले.

नात त्यांचं धोतर ओढत होती. "आबा, मांगलीकडे काय देखतस? इकडनं दखाडा ना!" माझी पाठ नको होती तिला, चौकटी हव्या होत्या.

फळ्यावर लिहिणारी मंदा एकदम थांबली. आबांनी तिच्याकडे पाहिलं. मग दोन बोटांनी, फार सांभाळून, मला उलटलं. पोरीने माझ्यावर बोट टेकवलं आणि मोठ्याने मोजलं, "एक, दोन, तीन!"